१९५५चा दुहेरी ठशाचा सेंट: विकण्याआधी किंमत आणि जपणूक

प्रकरणातली वस्तू एकच आहे. अमेरिकेचा १ सेंट, पुढे लिंकन, मागे गव्हाच्या दोन लोंब्या, साल १९५५. नाणं वारसाहक्काने आलेलं, मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटात, आणि पाकिटावर पेनाने ‘दुहेरी’ एवढाच शब्द. रंग तपकिरी. सालाच्या आकड्यांभोवती आणि अक्षरांच्या खाचांमध्ये हिरवट, चिकट थर. मागच्या बाजूला कडेजवळ टाचणीच्या डोक्याएवढा गडद हिरवा ठिपका. मालकाने विचारलं ते असं: ‘याचे किती येतील, आणि हे हिरवं घासून काढलं तर जास्त येतील का?’

प्रश्नांचा हा क्रमच चुकीचा आहे. नाणं कोणतं हे आधी ठरतं, आहे त्या अवस्थेत ते कितीचं हे त्यानंतर, आणि हात लावायचा की नाही हे सगळ्यात शेवटी. पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारली, की बहुतेक नुकसान तिथेच होऊन जातं.

हे खरंच ते नाणं आहे का

१९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका डायवर (नाण्यावर चित्र उमटवणारा पोलादी साचा) हबचा (ज्याने डाय घडवतात तो मूळ साचा) ठसा दोनदा घेतला गेला. त्या काळी डाय तयार करताना हबचा दाब एकाहून अधिक वेळा द्यावा लागे. पहिल्या दाबाने धातू कडक होई, म्हणून डाय तापवून नरम करत आणि पुन्हा दाबत. या डायच्या वेळी दुसऱ्या दाबाला डाय किंचित फिरलेला होता. फिरकी मध्याभोवती असल्यामुळे कडेची अक्षरं जास्त सरकली आणि मध्यावरचा चेहरा जवळजवळ जागेवर राहिला. म्हणून खऱ्या नाण्यावर ‘लिबर्टी’, ‘इन गॉड वुइ ट्रस्ट’ आणि साल नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतं, पण लिंकनच्या चेहऱ्यावर तसं काही जाणवत नाही. दोष पुढच्या डायचा आहे, त्यामुळे मागची बाजू साधीच असते. मागची अक्षरंही दुहेरी दिसत असतील तर संशय घ्यावा.

(काटेकोर संग्राहक याला ‘एरर’ न म्हणता ‘डाय व्हरायटी’ म्हणतात, कारण चूक एका नाण्याची नसून डायची आहे आणि त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच उतरली. भेद बरोबर आहे. बाजारात मात्र दोन्ही शब्द चालतात.)

तपासणीला दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि कॅलिपर लागतो. कॅलिपरचे धातूचे जबडे नाण्याला लावू नयेत, प्लास्टिकचा घ्यावा. या सेंटचं ठरलेलं वजन ३.११ ग्रॅम, त्यात ०.१३ ग्रॅमची कमीजास्त मुभा, आणि व्यास १९.०५ मिलिमीटर. धातू ९५ टक्के तांबं, बाकी कथील आणि जस्त. चुंबकाला चिकटता कामा नये. हातातलं नाणं ३.०९ ग्रॅम भरलं, व्यास जुळला, चुंबकाने ओढलं नाही. एवढ्याने ते खरं ठरत नाही, फक्त ढोबळ नकलांमधून सुटतं.

खरी परीक्षा अक्षरांची. दुहेरी ठशाच्या डायने पाडलेल्या नाण्यावर दोन्ही प्रतिमा उठावदार आणि गोलसर असतात, अक्षर रुंदावतं आणि टोकांना स्वच्छ खाच दिसते. छापताना डाय हलल्यामुळे येणारी ‘मशीन डबलिंग’ याच्या उलट वागते: अक्षराची कड दबून सपाट पायरी होते आणि मूळ अक्षर अरुंद होतं. त्याला जवळजवळ किंमत नाही. आणखी एक फसवा भाऊ याच सालाचा आहे, ‘पुअर मॅन्स डबल डाय’ म्हणून ओळखला जाणारा. त्यात झिजलेल्या डायमुळे सालातला शेवटचा ५ तेवढा दुहेरी वाटतो. ‘१९५५ दुहेरी’ म्हणून विकायला निघालेल्या सुट्या नाण्यांत हेच फार भेटतं.

मग टांकसाळीची खूण. सालाखाली डी किंवा एस असेल तर विषय संपला, कारण हा डाय फिलाडेल्फियाचा आणि तिथल्या त्या काळच्या सेंटवर खूण नसते. शेवटी मागची बाजू. ‘सेंट’ शब्दातल्या टी या अक्षराच्या डाव्या अंगाला डाय घासताना राहिलेल्या बारीक, उभट रेषा असतात. नकला ओळखताना त्या फार उपयोगी पडतात, पण झिजलेल्या नाण्यावर दिसेनाशा होऊ शकतात. तेव्हा रेषा दिसल्या तर नाण्याच्या बाजूने मोठा पुरावा. दिसल्या नाहीत म्हणून लगेच नकली म्हणू नये. या नाण्यावर प्रकाश तिरका धरल्यावर त्या अंधुक दिसल्या. या नाण्याच्या चांगल्या नकला अस्तित्वात आहेत, त्यामुळे घरचा निकाल ‘बहुधा अस्सल’ इथेच थांबतो. शिक्कामोर्तब ग्रेडिंग संस्थेचं, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं.

आहे त्या अवस्थेत किंमत

नाण्याचा दर्जा सांगायला शेल्डनची १ ते ७० ही मोजपट्टी अमेरिकी बाजारात चालते. तांब्याच्या नाण्याला तिच्या जोडीला रंग लागतो: मूळचा लाल ९५ टक्के किंवा अधिक टिकला असेल तर आरडी (लाल), ५ टक्क्यांहून कमी असेल तर बीएन (तपकिरी), मधलं सगळं आरबी (लाल-तपकिरी). आपलं नाणं निःसंशय बीएन.

झीज आधी लिंकनच्या गालाच्या हाडावर आणि जबड्यावर दिसते, मागे लोंब्यांच्या टोकांच्या रेषांवर. इथे लोंब्यांच्या रेषा जवळपास पूर्ण होत्या. गालावर थर असल्याने नीट कळत नव्हतं. मालकाचा अंदाज एयू ५० (जवळपास न वापरलेलं). आम्ही ईएफ ४५ (थोडंच झिजलेलं) ते एयू ५० असा पट्टा धरला आणि हिशेब खालच्या टोकाने केला. थराखाली काय आहे ते दिसत नसेल, तर तिथे वाईटच आहे असं धरून चालावं.

या नाण्याच्या बाबतीत एक सोय आहे. डायची चूक टांकसाळीत लक्षात आली, पण तोवर ही नाणी इतर लाखो नाण्यांत मिसळली होती, आणि एवढ्यासाठी सगळा ढीग वितळवायचा नाही असं ठरलं. साधारण २० ते २४ हजार बाहेर गेली असं मानतात. त्यांतली बरीच सिगारेटच्या यंत्रातून लोकांच्या हाती पडली: पाकीट २३ सेंटचं, यंत्रात २५ सेंटचं नाणं टाकायचं, आणि परतीचे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनात आधीच घातलेले. चूक डोळ्यांना दिसणारी असल्याने लोकांनी ती लवकर बाजूला काढली. म्हणून आज बहुतेक नाणी ईएफ आणि एयू याच दर्जाची आहेत. खूप झिजलेलं कमी, झळझळीत लाल तर फारच कमी. मधल्या दर्जात विक्रीच्या नोंदी भरपूर, त्यामुळे अंदाजाला आधार आहे.

नोंदी घेताना चाळणी कडक हवी. विक्रीला ‘लावलेल्या’ किमती बाद. कोणी काहीही लावतो. मोठ्या लिलावघरांच्या संग्रहित निकालांमधून गेल्या २४ महिन्यांतले, पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग संस्थांच्या बंद स्लॅबमधले (सीलबंद प्लास्टिकच्या डबीतले), याच ग्रेडचे आणि बीएन रंगाचे आठ ते दहा निकाल घ्यावेत. स्लॅबवर ‘क्लीन्ड’, ‘स्क्रॅच’ असं काही लिहिलेले वेगळे ठेवावेत, त्यांची दुसरी यादी. मग सरासरी न काढता मधला आकडा घ्यावा; एखाद्या देखण्या नाण्यावर दोघांची चुरस लागली तर सरासरी उगाच फुगते. वार्षिक दरपुस्तकं दिशा दाखवायला ठीक, पण सौदा त्यांच्या आकड्यावर होत नाही.

इथे बहुतेकांची चूक होते. लिलावाच्या निकालात दिसणारी रक्कम ही खरेदीदाराने भरलेली असते. तिच्यात खरेदीदाराचं अधिमूल्य मिसळलेलं असतं, आणि ते विकणाऱ्याला मिळत नाही. अधिमूल्य २० टक्के असेल तर १२० दिसलेल्या नाण्याची हॅमर किंमत (हातोडा पडतो ती शेवटची बोली) १०० असते. विकणाऱ्याचा हिशेब त्या १००पासून सुरू होतो.

डॉलरचे आकडे दर हंगामात हलतात, म्हणून इथे प्रमाणात मांडतो. निर्दोष ईएफ ४५ बीएनची हॅमर किंमत १०० धरली. त्यावरून या प्रकरणापुरती गृहीतकं अशी: थरासकट, स्लॅबशिवाय, व्यापाऱ्याला रोख विकलं तर ६०. स्लॅबमध्ये ‘डिटेल्स’ शेरा (नाणं अस्सल, पण पृष्ठभाग बिघडलेला) आला तर हॅमर ६५. ग्रेडिंग, विमा, टपाल मिळून खर्च ६. लिलावघराची दलाली ५ टक्के.

निर्दोष ग्रेड मिळाली तर हातात ८९. डिटेल्स मिळाला तर सुमारे ५६. म्हणजे काहीही न करता ६० मिळत असताना, ग्रेडिंगला पाठवून नशीब फिरलं तर चारच कमी, आणि साधलं तर २९ जास्त. निर्दोष ग्रेडची शक्यता आठांत एक असली तरी पाठवणं जवळपास बरोबरीला येतं. त्याहून चांगली असेल तर पाठवावंच.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. नाणं घासलं की ती शक्यता शून्य होते, डिटेल्स ठरलेला. घासून चकचकीत केलेलं नाणं ग्रेडिंगचा खर्च करून ५६ देतं. तसंच ठेवलेलं ६० देत होतं. चमकवण्याची मेहनत पदरचे पैसे घालून केल्यासारखी होते. डायची दुर्मिळता चकाकीवर अवलंबून नाही, आणि ग्रेडिंग संस्था तांब्याचा कृत्रिम गुलाबीपणा लांबून ओळखतात.

हिरवा थर कशाचा

दोन हिरवे रंग होते आणि दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अक्षरांभोवतीचा पसरट, चिकट, पारदर्शक थर पाकिटाचा. मऊ विनाइलमध्ये (म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकमध्ये) त्याला लवचीक ठेवणारं तेलकट रसायन असतं. ते वर्षानुवर्षं झिरपतं आणि जुनं होत जाणाऱ्या पीव्हीसीतून आम्लही सुटतं. तांब्याशी मिळून त्याची हिरवट साय धरते. ही साय अजून मऊ असेल तर निघते. खाली धातू खाल्ला गेला असेल तर खड्डा राहतो, तो कशानेही भरत नाही.

कडेजवळचा गडद ठिपका मात्र कोरडा, उंच आणि कडक. हा कळंक, तांब्याचं स्वतःचं गंजणं. तो ॲसिटोन या द्रावकात विरघळत नाही. क्लोराइडमुळे आलेला असेल तर हवेतल्या ओलाव्याने आणखी वाढतो.

ओळखायची सोपी पद्धत: भिंगाखाली, बारीक केलेल्या लाकडी काडीचं टोक थराच्या अगदी कडेला टेकवून पाहायचं. पीव्हीसी मेणासारखी दबते, कळंक दबत नाही. नखाने किंवा सुईने करू नये.

धुण्याची रीत

लागणारं सामान: शुद्ध ॲसिटोन, काचेची झाकणाची तीन छोटी भांडी, लाकडी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या टोकाचा चिमटा, हवेचा रबरी फुगा, धागे न सुटणारा कागद. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही. त्यात पाणी, सुगंध आणि तेल असतं, ते नाण्यावरच बसतं. पॉलिस्टायरीनचा पारदर्शक कप घेतला तर तो विरघळून नाण्याला लागतो. विनाइलचा मुलामा दिलेला चिमटा तर अगदी नको, कारण ज्या रसायनापासून नाणं सोडवायचं तेच तो परत लावतो. नाणं कोरडं हाताळताना नायट्राइलचे हातमोजे ठीक आहेत, पण ते ॲसिटोनला टिकत नाहीत. बोटं द्रावात घालायचीच नाहीत. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही. ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते.

आधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो. मग पहिल्या भांड्यात १० मिनिटं, मध्येच एकदा नाणं उलटवून. दुसऱ्या ताज्या भांड्यात ३० मिनिटं, भांडं अधूनमधून हळू हलवून. तिसऱ्या भांड्यात फक्त खळबळणं, म्हणजे आधीच्या द्रावात विरघळलेला मळ सुकताना परत नाण्यावर बसणार नाही. एकाच भांड्यात आटोपलं की नेमकं तेच होतं: नाणं सुकतं आणि कडेने पांढुरकी रेघ उमटते. थर जुना असेल तर दुसरं भांडं काही तासांपर्यंत वाढवावं, ताजं द्रावण घालून. घासायचं नाही. कापसाच्या बोळ्यानेही नाही. तांबं मऊ असतं आणि तिरक्या उजेडात त्या रेषा ग्रेडरला लख्ख दिसतात.

सुकवताना एक खोच आहे. ॲसिटोन झपाट्याने उडतं, नाणं थंड पडतं आणि दमट हवेत त्यावर बाष्प धरतं. ताज्या धुतलेल्या तांब्यावर पाण्याचा थेंब म्हणजे उद्याचा डाग. म्हणून हे काम कोरड्या दिवशी किंवा वातानुकूलित खोलीत करावं, नाणं कागदावर ठेवून फुग्याने हलकी हवा मारावी. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको. वापरलेलं ॲसिटोन मोरीत ओतू नये, घातक कचऱ्यात द्यावं.

धुतल्यावर नाणं फिकं, कोरडं दिसलं. मालक घाबरला, तेल लावू का म्हणाला. नको. वर्षानुवर्षांचा तेलकटपणा निघाला की तांबं असंच दिसतं. ऑलिव्ह तेलात आम्लाचा अंश असतो, त्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत रंग काळवंडवते. आणि ग्रेडिंगच्या आधी कोणतंही तेल म्हणजे पृष्ठभाग लपवल्याचा संशय. लिंबू, व्हिनेगर, दंतमंजन, खोडरबर यांवर वेगळं लिहायला नको. चांदीसाठी मिळणारा ‘डिप’ (बुडवून चमकवायचं द्रावण) मात्र जाणती माणसंही तांब्यावर वापरून बसतात. त्यातलं आम्ल आणि थायोयुरिया मिळून तांब्याचा वरचा थर सोलतं आणि नाणं भलत्याच गुलाबी रंगाचं होतं.

हिरवी साय पूर्ण निघाली. कळंकाचा ठिपका तसाच राहिला आणि तो तसाच ठेवला. तो सूक्ष्मदर्शकाखाली काडीने किंवा काट्याने सोडवणारे कसबी लोक आहेत, पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही गटांच्या पैसे घेऊन जपणूक करणाऱ्या सेवाही आहेत. पण ठिपका लहान, कडेला, कोरडा आणि न वाढणारा होता. काढताना खालचा लालसर खड्डा उघडा पडला असता, आणि तो ठिपक्याहून जास्त डोळ्यांत भरतो. शिवाय नाणं अस्सल ठरण्याआधी त्यावर सेवेचा खर्च करणं म्हणजे घोड्याआधी नाल.

थर गेल्यावर गाल दिसला. तिथे स्पष्ट, सपाट झीज होती. एयू ५०ची आशा तिथेच संपली. हिशेब ईएफ ४५ने केला होता, म्हणून तो बदलावा लागला नाही. डाव्या बाजूला, ‘लिबर्टी’खालच्या मोकळ्या जागेत थराने किंचित खडबडीत केलेला भाग निघाला, भिंगाशिवाय न दिसणारा. निर्दोष ग्रेडची शक्यता आम्ही तीनांत दोन धरली. ८९चे दोन भाग आणि ५६चा एक, सरासरी ७८. हमखासच्या ६०पेक्षा बरे.

पाठवणी आणि विक्री

नाणं त्याच दिवशी मायलारच्या पाकिटात गेलं. मायलार, पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन ही सुरक्षित प्लास्टिकं. पाकिटाबद्दल शंका असेल तर तापवलेल्या तांब्याच्या तारेला त्याचा कण लावून ती पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे आणि पाकीट फेकायचं. मायलार ताठ असल्याने नाण्यावर घासतं, म्हणून प्रवासात ते दोन पुठ्ठ्यांमध्ये न हलेल असं बांधावं, पण टाचण्या मारू नयेत.

अर्जावर व्हरायटीचं नाव स्पष्ट लिहावं. घोषित मूल्य आपल्या हिशेबाचं लिहावं. कमी लिहून शुल्क वाचतं, पण वाटेत नाणं हरवलं तर भरपाईही तेवढीच. अमेरिकेच्या टपालाच्या रजिस्टर्ड सेवेत ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो, हे नाणं त्यात सहज बसतं.

कराची बाब थोडक्यात, पण विसरण्यासारखी नाही. अमेरिकी कायद्यात संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. वारशाने आलेल्या नाण्याची खरेदी किंमत मात्र मूळ मालकाच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. म्हणून विक्रीच्या नोंदी गोळा करताना त्या तारखेच्या आसपासचे निकालही वेगळे काढून ठेवले. तेच कागद करसल्लागाराला लागतात.

ग्रेड आली ईएफ ४५ बीएन, शेऱ्याविना. व्यापाऱ्याने स्लॅबसाठी ७५ देऊ केले, म्हणजे खर्च वजा जाता ६९. लिलावाचा हिशेब ८९, पण पैसे हातात यायला काही महिने. घाई नव्हती, म्हणून लिलाव निवडला आणि तोही फक्त नाण्यांचा, कारण तिथे डाय ओळखणारे गिऱ्हाईक असतात. राखीव किंमत ८० ठेवली. त्याहून वर ठेवली तर बोली लावणारे सुरुवातीलाच दूर राहतात. आणि न विकलेलं नाणं सहा महिन्यांत पुन्हा आणलं की सगळ्यांना ते आठवत असतं.

वर्णनात ‘ॲसिटोनने पीव्हीसी काढली आहे’ हे लिहिलं, धुण्याआधीचे आणि नंतरचे फोटो जोडले. कळंकाचा ठिपका मोठा करून वेगळ्या फोटोत दाखवला. जुनं विनाइल पाकीट फेकून दिलं. त्यावरचा ‘दुहेरी’ हा शब्द तेवढा फोटो काढून ठेवला. हॅमर ९८ला पडला.